फवारलेल्या धुऱ्यावरची भाजी

ती घटना आजही आठवते. पण आठवली की आरोपी किंवा फिर्यादी डोळ्यांसमोर येत नाहीत. दिसतो तो चुलीजवळचा न धुतलेला पाटा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि मी त्या भागात फौजदार होतो. पावसाळा चालू होता, कपाशी गुडघ्याला लागली होती. सकाळी हजेरी चालू असतानाच किन्हीराजाकडच्या एका गावाचे पोलीस पाटील सायकल रेटत ठाण्यात आले.

"सायेब, एकाच घरातले तिघं उलट्या करून पडले. सासू, सासरा अन् पोरगा. बैलबंडीत घालून वाशीमले नेले. सून तेवढी धडधाकट हाय. गाव म्हनते, तिनंच जेवनात जहर घातलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी कपाशीवर फवारायच्या औषधाचा संशय सांगितला. म्हाताऱ्याचा भरवसा देता येत नव्हता. तो गेला असता तर त्या पोरीवर खुनाचा गुन्हा दाखल झाला असता. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं तिच्या.

गावात पोचलो तर अंगणात ही गर्दी! गर्दीनं निकाल देऊनच टाकला होता. माझे जमादार तर वाटेतच हातकडीची आठवण करून देत होते. बाईमाणसाला ठाण्यात बसवायचं नाही हा माझा शिरस्ता, म्हणून पाटलांच्या बायकोला शेजारी बसवून तिथेच विचारपूस सुरू केली.

"भाजी कोणी केली?"

"म्याच केली."

"कशाची?"

"कुंजराची. रानातून आनली होती."

"तू खाल्लीस?"

"नाई."

"का?"

पोरीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. जमादार माझ्या कानाशी लागले, "साहेब, आणखी काय पुरावा पाहिजे?" मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पंचांसमोर झडती घेतली. औषधाचा डबा कुठेच नव्हता; या लोकांची कपाशीच नव्हती. कढई रिकामी. आणि चुलीजवळ पाटा, त्याला हिरवी मिरची वाटलेली तशीच चिकटलेली. माझी आईही सगळ्यांची पानं उठल्यावर अशीच मिरची वाटायची. घरात भाजी झालेली असताना बाई मिरची कधी वाटते, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. पाटलीणबाई तेवढ्या थांबल्या.

"पोरी, ही मिरची कोणासाठी वाटलीस?"

ती ढसाढसा रडायला लागली. "माह्यासाठी. भाजी सरली होती, सायेब."

"मग सांगत का नव्हतीस?"

"लोक म्हनतीन सासू उपाशी ठेवते. तिचं नाव खराब होईन."

गाव तिला तुरुंगात धाडायला निघालं होतं आणि ही सासूची अब्रू सांभाळत बसली होती.

पुढचं सरळ होतं. भाजी तिनं आदल्या दिवशी निंदणावरून येताना शेजारच्या कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खुडली होती. आमच्याकडे अशी भाजी कोणाच्याही रानातून न्यावी, कोणी हटकत नाही. शेतमालकाला बोलावलं. त्यानं त्याच दिवशी सकाळी फवारणी केली होती.

"गडीमानसाईले सांगतलं होतं, इकडं ढोरं चारू नका," तो हात जोडून म्हणाला. "बायका भाजी नेतात हे ध्यानातच नाई आलं."

ढोरांची काळजी होती त्याला. वाईट माणूस नव्हता. तरीही विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला. शिवाय गावाला ताकीद दिली: फवारणीच्या आदल्या दिवशी कोतवालानं दवंडी द्यायची, आणि ती चावडीवर नाही, विहिरीवर, नंतर गावाबाहेरच्या वस्तीतही. चावडीवर पुरुष बसतात. भाजी खुडणाऱ्या बायका पाण्याला असतात.

तिघंही वाचले. इशारा दिला म्हणजे काम झालं असं आपण समजतो, पण ज्याचा हात त्या रानात जाणार आहे त्याच्या कानावर तो पडला का, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी विचारत आलो.

पुढे हिवाळ्यात त्या गावी गस्तीला गेलो तेव्हा म्हातारीनं चहाला थांबवलं. चुलीवर भाजी झाली होती. माझ्यासमोरच तिनं सगळ्यांच्या आधी एक वाटी भरली, वर ताटली झाकली आणि फडताळात ठेवली.

"पोरगी वावरात गेली हाय," ती म्हणाली. "हे तिचं."