कंदुरी कुणाची

आमच्या मंडळाचा नियम एकच होता. आपल्या धर्माबद्दल बोलायचं नाही, दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलायचं. महिन्यातल्या एका रविवारी छावणीतल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा निवृत्त माणसं जमायचो. ज्याचा धर्म त्यानं शेवटपर्यंत गप्प बसायचं आणि मग काय चुकलं ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. दुसरा माणूस आपल्या देवाबद्दल तासभर बोलतोय आणि आपण मुकाट्यानं चहा पितोय, हे एकदा करून बघा.

माझ्या वाट्याला इस्लाम आला तेव्हा मी खूश झालो. बाकीचे पुस्तकं धुंडाळायचे, मला कशाला हवीत पुस्तकं? आम्ही करमाडचे शेतकरी. आमच्या बांधावर लिंबाखाली पीर आहे, चुना लावलेली एक कबर आणि तिच्यावर हिरवी चादर. घरातलं कुणी दुखण्यातून उठलं की पिराला कंदुरी ठरलेली. मुलाणी यायचा, बोकड कापायचा, शिजलं की उदाच्या धुरात फातेहा म्हणायचा, आणि सगळी भावकी शेतातच जेवून उठायची. त्यातला घासही घरी न्यायचा नाही. हे सगळं मी रंगवून सांगितलं आणि छाती फुगवून म्हणालो, "मी इस्लाम असा बांधावर बसून शिकलो."

आमच्यातले इस्लामवाले म्हणजे दौलताबादचे एक निवृत्त मास्तर. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, नमाज कधी चुकवली नाही, आणि खोटं बोलायला जीभ वळत नाही असला माणूस. त्यांनी कप खाली ठेवला.

"भाऊ, बोलले तुम्ही अच्छं. पण कंदुरी आमच्या दीनमध्ये, धर्मात नाय. कबरीला मागणं तर गुनाह आहे. ही तुमच्याच लोकांची चाल, आमच्यात शिरली."

मी आ वासून बघत राहिलो. "अहो, आम्ही ती तुमची समजतो! मुलाणी लागतो तिला!"

"आणि आम्ही तुमची," मास्तर म्हणाले.

खोलीत हशा पिकला. मला मात्र हसू येईना. ज्या गोष्टीच्या जोरावर मी चारचौघांत 'आमच्याकडं सगळे धर्म नांदतात' म्हणून मिरवायचो, ती माझ्या पोथीत नव्हती आणि त्यांच्या किताबातही नव्हती. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसा आमचा पीर. मला जन्मात कुणी इतकं हबकवलं नव्हतं, आणि तेही इतक्या शांतपणे.

हे गमतीवारी गेलं असतं, पण मधे माझी आई होती. माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं पिराला कंदुरी बोलली होती. मी बरा झालो, नवस राहिला. आई आता ऐंशीच्या पुढं, करमाडला थोरल्या भावाकडं असते. बोललेला नवस फेडला नाही तर तो ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर येतो, अशी तिची पक्की समजूत. मरणाला ती भीत नव्हती. आपण गेल्यावर मागं माझ्या छातीत पुन्हा काही होईल, याला भीत होती. प्रत्येक फोनवर तेच, "लेकरा, तेवढं माझ्या डोक्यावरनं उतरव."

मी मनावर घेतलं आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. जुना मुलाणी वारला होता. त्याचा मुलगा अदबीनं म्हणाला, "माफ करा काका, हे आमच्यात बसत नाय. अब्बा करायचे, मी नाय करणार." हे मी करमाडच्या घरी येऊन सांगतोय तोवर पुतण्या उसळला, "बरंच झालं! आपल्या घरातनं पिराला बोकड जायलाच नको." दोन तरुण पोरं, एकमेकांशी बोलतही नाहीत, आणि दोघांचं एकमत झालेलं! आई भिंतीला टेकून ऐकत होती. "मंग पिराला आता कुणीच नाय का रं?" असं तिनं विचारलं.

मी मास्तरांकडं गेलो. ते 'नाही' म्हणणार हे धरूनच गेलो होतो. आई कशी भिते ते मी सांगितलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येतो. बोकड मी कापतो, अल्लाहच्या नावानं. लोकांना जेवू घालू. बस."

"आणि फातेहाचं? नुसते हात पसरून उभे राहा, ओठ हलवा. आईला काय कळतंय?"

मास्तर काही बोलले नाहीत. मी आपला त्याचा अर्थ होकार असा घेतला.

ठरल्या दिवशी आम्ही शेतात जमलो. पुतण्या आलाच नाही. मास्तरांनी बकरी ईदचा सराव असलेल्या हातानं बोकड कापला, भावानं चुलवण पेटवलं, शेंद्र्याच्या कंपन्यांतले परगावचे मजूर आणि आसपासचे लोक जेवायला बोलावले. जेवण तयार झालं, आईनं पहिलं ताट वाढून कबरीपुढं ठेवलं, निखाऱ्यावर ऊद टाकला आणि मास्तरांना म्हणाली, "दे बाबा फातेहा. माझ्या लेकराचा नवस फिटला म्हणून सांग पिराला."

मास्तर उभे राहिले. हात खालीच.

"अम्मा, मी पिराकडं मागत नाय. तुमच्यासमोर खोटं उभं राहणं माझ्याच्यानं होणार नाय."

एवढ्या लोकांत, ताट वाढलेलं असताना! असा संताप आला की वाटलं, दंडाला धरून या माणसाला बांधाबाहेर काढावं. दोन मिनिटं ओठ हलवले असते तर कोणता देव कोपणार होता? आई ताटाशेजारी मटकन बसली. तिचा चेहरा पाहवेना.

मग तिनं मान वर केली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "तुझी आई असती, तर तिला बी असंच तोंडावर बोलला असतास का रं?"

"बोललो ना अम्मा."

मास्तर खाली बसले. उकिडवे, लहान मुलासारखे. "लहानपणी मला ताप चढला होता, शुद्ध नव्हती. तिनं पिराला कंदुरी बोलली. गरिबीत राहून गेली. मी कमवायला लागलो तेव्हा मागायला लागली. मी बोललो, हे गुनाह आहे, माझ्या घरात होणार नाय. शेवटी शेवटी हात जोडायची. नाय करू दिली मी. तशीच गेली."

मी सुन्न झालो. मंडळात हे मास्तर किती वेळा माझ्या शेजारी बसले होते! कंदुरीवर आम्ही हसलो होतो त्या रविवारी ते मनात काय घेऊन बसले असतील, हा विचार येऊन माझा राग कुठल्या कुठं गेला.

"मग आज कशाला आलास?" आईनं विचारलं.

"तुमचा लेक बोलला, अम्मा डरते म्हणून. माझी बी डरायची."

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग जमिनीला हात टेकून उठली आणि आमच्या घरात कुणा बाईनं कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतः कबरीपुढं उभी राहिली. म्हणाली, "तू नको म्हणूस. तुझं तुझ्यापाशी. मीच सांगते त्याला." आणि साध्या मराठीत, शेजाऱ्याशी बोलावं तसं, पिराला सांगितलं की लेकरू बरं हाय, नवस फिटला, आता आमच्यावर काय ठेवू नको. भाऊ माझ्याकडं बघत राहिला, मी भावाकडं. इतके दिवस मुलाणी शोधत हिंडत होतो आम्ही!

मला वाटलं, झालं. पण तिनं दुसरं ताट मागितलं, तेही भरून पहिल्याच्या शेजारी ठेवलं आणि मास्तरांकडं वळली. "हे तुझ्या आईचं. तू काय करू नको, नुसतं नाव सांग तिचं."

मास्तरांनी तिला अडवलं नाही. दोनदा प्रयत्न करून त्यांनी नाव सांगितलं. आईला ते नीट उच्चारता येईना, तिनं पुन्हा विचारून घेतलं, आणि मग मोठ्यानं पिराला सांगितलं.

मास्तरांच्या देवाच्या नव्व्याण्णव नावांवर मी त्या फजितीनंतर पुस्तकं वाचून एकदा मंडळात तासभर बोललो होतो, एकही न चुकता. त्यांच्या आईचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.