मुकादमाची सोयरीक

नेसरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी बुद्धवाडा आहे. आता तिथल्या बहुतेक घरांवर स्लॅब पडलाय. कुणी शेळ्यांसाठी पत्र्याचं शेड मारलंय, कुणी जाळी लावून लांबच्या जातीच्या शेळ्या आणल्यात. पण पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला ओढा चढून वर येणाऱ्याला घरं दिसायच्या आधी एक वास यायचा. उग्र, नाकात ठाण मांडून बसणारा. नवखा माणूस टॉवेल नाकाला लावायचा. चिमणाबाई कांबळेच्या छातीत मात्र तो वास आला की काहीतरी भरून यायचं. तो तिच्या बोकडाचा वास होता. अजूनही बाजारात कुठं तसा वास आला की तिची पावलं आपोआप मंद होतात.

चिमणाबाई लग्न होऊन वाडीत आली तेव्हा बापानं आंदण म्हणून एक काळी शेळी दिली होती. नवऱ्याकडच्या बायका हसल्या होत्या, भांडी न्हाईत, कुंडी न्हाईत आणि शेळी घिऊन आली म्हणून. पण त्या शेळीनं घर चालवलं. लेकरांच्या तोंडात दूध तिचं, वह्या-पुस्तकं तिच्या करडांची, आणि पहिल्यांदा कौलं बदलली तीही तिच्याच जिवावर. दर वेताला जुळी द्यायची. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी अशी दावण वाढत गेली. चिमणाबाईला त्यातली एकेक शेळी आवाजावरून ओळखू यायची. मागून ओरडली तरी मान न वळवता म्हणायची, "आलो गं बाई, आलो. जरा दम धर की."

बोकड मात्र तिच्याकडं कधी नव्हता. तिच्याकडंच काय, अख्ख्या गावात धड बोकड नव्हता, आणि त्याला कारण होतं गावची म्हाई. म्हाई म्हणजे वर्षाच्या जत्रेचं मटणाचं जेवण. ज्याच्या दारात मोठा बोकड, त्याचा मान मोठा. त्यामुळं व्हायचं असं, की वर्षातलं सगळ्यात उमदं करडू हेरून लहानपणीच खच्ची करायचं आणि म्हाईसाठी फुगवायचं. मागं उरायचं ते फताड्या पायाचं, कुणालाच नको असलेलं. त्याच्याकडूनच गावच्या शेळ्या गाभण राहायच्या. मग शेळ्या दरसाल बारीक होत चालल्या म्हणून लोक पावसाला, नाहीतर चाऱ्याला बोल लावायचे.

आंदणाच्या शेळीच्या शेवटच्या वेताला एक काळाभोर बोकड झाला. आईला दूध उतरलं नाही, म्हणून चिमणाबाईनं त्याला कापसाच्या बोळ्यानं दुसऱ्या शेळीचं दूध पाजलं. चार महिन्यांचा झाला तेव्हा नवरा, बाळासो, म्हणाला, "खच्ची करून घिऊ ह्येला. म्हाईला डोळं दिपतील लोकांचं."

चिमणाबाईनं करडू मांडीवर घेतलं. पाय सरळ, पाठ सपाट, वरचा जबडा खालच्याला नीट बसणारा, मागच्या दोन्ही गोळ्या सारख्या. आई जुळी देणारी, आजी जुळी देणारी.

"ह्येला कुणी हात लावायचा न्हाय," ती म्हणाली.

"का? मुंज करतीस व्हय त्येची?"

"बाप करतो त्येला. गावच्या समद्या करडांचा."

तसंच झालं. वर्षाच्या आत तो दावणीचा धनी झाला. चरायला निघाल्यावर सगळ्यांच्या पुढं चालायचा, मागं रेंगाळणारीला शिंगानं ढोसायचा, ऊसतोडीच्या टोळीवरच्या मुकादमासारखा. म्हणून त्याचं नाव मुकादम. माजावर आलेली शेळी घेऊन बायका लांबलांबून यायच्या. चिमणाबाई पैसे घ्यायची नाही. कुणी ओंजळभर मका आणायचं, कुणी भुईमुगाच्या वेलांचा भारा. त्या चार वर्षांत तिच्या अंगणात जेवढं हसणं-खिदळणं झालं, तेवढं आधी कधी झालं नव्हतं. वरच्या आळीच्या बायका, ज्या एरवी वाडीत उतरायच्या नाहीत, त्याही कट्ट्यावर बसायच्या, चहा प्यायच्या. "चिमणाबाई, तुजा जावई कुठं हाय?" असं म्हणत यायच्या. गावात नव्या करडांची पाठ रुंद झाली, जुळी वाढली, आणि ते सगळं मुकादमाचं हे शेंबडं पोरही सांगायचं.

मग एका उन्हाळ्यात करडं मरू लागली.

तीही चिमणाबाईच्याच दावणीला. एक जन्मलं ते आंधळं. एकाचा जबडा वाकडा, त्याला सड तोंडात धरता येईना. काही नुसतीच मलूल, दोन दिवस माना टाकून पडायची आणि जायची. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली, मिरच्या ओवाळ. बाळासो भडकला. "असलं कायबी ह्या घरात चालायचं न्हाय. दवाखान्यातल्या आण्णाला बोलवा."

आण्णा जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. पावसाळ्याआधी लस टोचायला वाडीत यायचा, चेष्टेखोर माणूस. त्यानं करडं पाहिली, शेळ्यांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, आणि चहा घेता घेता विचारलं, "वैनी, ह्या करडाचा बाप कोण?"

"मुकादम."

"आणि ह्येच्या आईचा?"

"मुकादमच की. दुसरा कोण हाय हितं?"

आण्णानं कपबशी खाली ठेवली. "तर मग झालं. ह्यो आजार न्हवं. बाप-लेकीचं लेकरू हाय ह्ये. रक्तात जे काय वंगाळ दडलेलं आसतंय, ते दोन्हीकडनं आलं की वर येतंय."

चिमणाबाईला ते पटेना. ह्या मुलखात बहिणीची लेक भावाला करायची रीत जुनी. तिच्या डोळ्यांसमोर तेच आलं. "माज्या नणंदेची पोरगी माज्याच दिराला दिलीया. पाच पोरं हाईत, बैलागत. मग माणसात चालतंय ते शेळीत का चालत न्हाय?"

"वैनी, ते तरी बरं न्हवंच म्हणत्यात डॉक्टर लोक. पर ऱ्हाऊ दे. तुमच्या दिराला भाची दिली. पोटची पोरगी दिली व्हय?"

बाळासोला ठसका लागला. चिमणाबाई मात्र हसली नाही. नात्यागोत्याचा हिशेब तिला तोंडपाठ होता, कुणाची कोण ते सात पिढ्यांपर्यंत सांगायची. शेळ्यांचा तो हिशेब तिनं फक्त आईकडून धरला होता. बापाकडून कधी धरलाच नव्हता.

"दोन-अडीच वरसांनी बोकड बदलायचा आसतोय," आण्णा उठता उठता म्हणाला. "लांबच्या गावचा आणा. न्हायतर मग ह्येच्या लेकी इका. एकाच दावणीला दोन्ही न्हाय जमायचं."

लेकी विकायच्या म्हणजे आंदणाच्या शेळीचा सगळा वेल मुळापासून उपटायचा. मुकादम द्यायचा म्हणजे अंगणच ओस पाडायचं. चिमणाबाईनं दोन्ही केलं नाही. तेवढ्यानं भागेल म्हणून तिनं मुकादमाला वेगळ्या खुंट्याला बांधलं. दोनदा दावं तोडून तो पुन्हा शेळ्यांत घुसला.

इकडं ही गोष्ट गावात कळायला वेळ लागला नाही. वरच्या आळीचे हंबीरराव दारात आले. बाळासो त्यांच्या उसात कामाला जायचा, तेव्हा त्यानं लगबगीनं घोंगडं पसरलं.

"ऐकतोय की बोकड काढणार म्हणून," हंबीरराव मुकादमाकडं बघत म्हणाले. "यंदा म्हाईला बेळगावकडचं पावणं येणार हाईत. द्या आमाला. मागाल ते देतो."

बाळासो काही बोलण्याच्या आत चिमणाबाई म्हणाली, "मालक, अजून ठरल्यालं न्हाय."

"त्यात काय ठरवायचं? बोकड शेवटी कशासाठी आसतोय?"

ते गेल्यावर बाळासो तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "त्येंचं काय चुकलं? गुणाचा हुता तवर ठिवला. आता त्येच्यापायी करडं मरायला लागली. तू लेकरावाणी वाढीवलंस म्हणून त्यो मरायचा ऱ्हाईल व्हय?"

चिमणाबाई उठून शेळ्यांना पाणी दाखवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात लाडकी पाट, म्हणजे पहिलंच वेत असलेली तरुण शेळी, व्याली. दोन करडं झाली. दोन्हीचे मागचे पाय लुळे. चिमणाबाईनं त्यांना गोणपाटानं पुसलं, सडाला लावलं, धार काढून चमच्यानं पाजलं. पाट त्यांना चाटत राहिली, मधूनच घशातल्या घशात हाक घालत राहिली, उठा म्हणत असल्यासारखी. सांज व्हायच्या आत दोन्ही गेली. शेळी मोकळी जमीन चाटत होती. पलीकडं मुकादम शेवरीचा पाला रवंथ करत उभा होता, त्याला कशाचं काही नव्हतं. चिमणाबाई दोघांच्या मध्ये बसली होती. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा हिच्याकडं.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "मुकादम देऊया."

"सांगू हंबीररावांस्नी?"

"म्हाईला न्हाय. पोरगी देताना घर बघत्यात न्हवं? ह्येलाबी बघून द्यायचा. माज्या भैनीकडं, शालीकडं, बोकड हाय. तिचा हिकडं, आमचा तिकडं. साटंलोटं."

बाळासोनं तोंडातली तंबाखू थुंकली आणि करडं मरायला लागल्यापासून पहिल्यांदाच तो खळखळून हसला. "बोकडाची सोयरीक करणारी तूच पयली. आणि हंबीररावांस्नी काय सांगू?"

"सांगा, लगीन ठरलं म्हणून."

शालूबाई ही तिची धाकटी बहीण. चंदगडच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत दिलेली. तिकडचा पाऊस म्हणजे चार महिने आभाळाला भोक. तिथं मुकादमाचे खूर कुजतील, हीच चिमणाबाईला मोठी धास्ती. म्हणून दिवाळी होऊन जमीन वाळल्यावर ती निघाली.

नेसरीच्या स्टँडवर कंडक्टरनं दार अडवलं. "मावशी, बोकड हाय का अत्तराची बाटली? गाडी धुवायला पंचगंगेत घालाय लागंल."

"मागं उभा करतो की. कायबी करत न्हाय त्यो."

"त्यो करत न्हाय, पण माणसं उतरून जातील त्येचं काय?"

"उतरली तर तुमास्नी जागा हुईल. चला, घ्या की आता."

मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यानं सरकून जागा केली आणि बोकडाची सोयरीक तिच्याकडून ऐकून घेतली. अडकूरचा थांबा यायच्या आत मुकादमानं त्याच्या पिशवीतली मेथी संपवली. म्हातारा म्हणाला, "खाऊ दे. सासरी निघालाय म्हणतीस न्हवं?" सगळी गाडी हसली. चिमणाबाईही हसली, आणि मग खिडकीकडं तोंड करून बसली.

शालूबाईचा बोकड तांबडा, आखूड कानांचा, एक शिंग मागं वळलेला.

"ह्यो बोकड हाय व्हय? मला वाटलं घोंगडं वाळत टाकलंय," चिमणाबाई म्हणाली.

"आक्का, तुजा तरी काय राजा लागून गेलाय? सगळ्या वाटंला वास मारत आलाय," शालूबाई म्हणाली. "आमच्या ह्येचं खूर बघ. चार म्हैनं चिखलात हुबा ऱ्हातोय, पण एक दिस लंगडला न्हाय."

शालूबाईनं शेळ्यांसाठी वाशांचं उंच मचाण केलं होतं. फटींतून लेंड्या खाली पडायच्या, वर कोरडं राहायचं. चिमणाबाईनं ते हातानं दाबून पाहिलं, छपराखाली वाकून पाहिलं, खाली ओल किती आहे ते पाहिलं. लेकीचं सासर पारखावं तसं. मग मुकादमाला तिनं स्वतः वर चढवलं. तो दोन पावलं गेला आणि समोरच्या शेळीला हुंगू लागला. चिमणाबाई तांबडा बोकड ओढत परत निघाली, ती मागं न बघता.

तांबड्याची वाडीत फार थट्टा झाली. पण पुढच्या वेताला करडं उठून उभी राहिली, तांबडी-काळी, ठिपक्यांची, मजबूत खुरांची. त्या लाडक्या पाट शेळीलाही जुळी झाली. बायका पुन्हा कट्ट्यावर बसू लागल्या. चिमणाबाई चहा ठेवायची, हसायची, पण शालूबाईकडं जायचं म्हटलं की तिला काहीतरी काम निघायचं. दोन पावसाळे गेले. मुकादम आहे की गेला, हे कुणाला विचारायचा तिला धीर होत नव्हता.

मग शालूबाईच्या नातवाच्या बारशाला जावंच लागलं. गाडीतून उतरल्यावर चढावर तिला तो वास आला. ती तिथंच क्षणभर उभी राहिली.

मचाणाशेजारी खुंट्याला मुकादम बांधलेला होता. दाढी लांबलेली, गुडघ्यांवर घट्टे पडलेले, पण खूर साफ. तिनं हात पुढं केला. त्यानं हात हुंगला, वरचा ओठ उलटा करून दात दाखवले, आणि तोंड फिरवून पुन्हा पाला ओढू लागला. त्यानं ओळखलं की नाही, ते तिला कधीच कळलं नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिची नजर आजूबाजूला गेली. आठ-दहा काळ्याभोर पाटी, अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या, रुंद पाठीच्या, उन्हात चमकणाऱ्या.

"शाले, ह्या समद्या ह्येच्याच न्हवं?"

"व्हय की. गावात न्हाईत आसल्या."

"माजावर यायला झाल्या?"

"ह्या म्हैन्यात येतील."

"मग आता ह्येला हितं ठिवू नगं. अडकूरला माजी चुलत जाऊ हाय, तिला बोकड पायजे म्हणत हुती. परतताना मी पोचवून जातो. तिचा तुला धाडून देतो."

शालूबाईचा चेहरा उतरला. ती मचाणाच्या खांबाला टेकली. "आक्का, अगं पर आता माजा जीव लागलाय त्येच्यावर."

"लागणारच," चिमणाबाई म्हणाली, आणि खुंट्याचं दावं सोडायला खाली वाकली.