उजवा हात

"तुमचा हात शाबूत आहे," धुळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "हा हिस्टेरिकल पॅरालिसिस." म्हणजे नसा ठीक, स्नायू ठीक, पण मनाला बसलेल्या धक्क्यानं हात हलायचा थांबतो.

त्यांनी बोटांना सुई टोचली होती, ती मला कळली नव्हती. कोपरावर छोटी हातोडी मारली, तेव्हा मात्र हात आपोआप उडाला होता.

मी जळगावचा. दुसऱ्या महायुद्धात एका मराठी दैनिकासाठी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून बातम्या पाठवत असे. एकदा ओढ्यावर पाणी आणायला गेलो आणि मागे जखमींच्या तंबूवर बॉम्ब पडला. परतलो तेव्हा तंबू नव्हता. ती बातमी सेन्सॉरनं अडवली.

घरी आल्यावर आधी झोप उडाली. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की मी खाटेखाली शिरायचो. मग एका सकाळी लिहायला बसलो, तर बोटं मिटेनात. कुणी म्हणालं हातावरून वारं गेलं, कुणी म्हणालं सोंग आहे. म्हणून आजाराला नाव मिळालं तेव्हा मला रडूच आलं.

"औषध नाही का?" मी विचारलं.

"झोपेचं देतो. बाकीचं तुमच्यापाशी आहे. जे छापलं नाही, ते कुणाला तरी सांगा."

थोरली बहीण सोनगीरला दिलेली. तिच्याकडे राहायला गेलो. अक्का शेंगा फोडत बसायची, मी शेजारी बसायचो. बरेच दिवस असेच गेले. एका दुपारी ती म्हणाली, "बठ्ठं सांग रे भाऊ. मी आयकस."

मी सगळं सांगितलं. तंबूतला एक गढवाली शिपाई रोज माझ्या ताटात आपल्यातला भात घालायचा, तेही सांगितलं.

अक्कानं मला समजावलं नाही. तिनं विचारलं, "त्यानं नाव काय व्हतं?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. "रघुवीर," म्हणालो, आणि पोटातून हुंदका फुटला. ती शेंगा बाजूला ठेवून माझी पाठ चोळत राहिली.

मग रोज थोडं थोडं सांगत गेलो. आधी अंगठा हलला. काही आठवड्यांनी भाकरी मोडता आली.

अजून दचकतो, नाही असं नाही. पण असा माणूस तुमच्या घरी परत आला, तर त्याला 'विसर आता' म्हणू नका. त्याच्याजवळ बसा.

शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी मला सदऱ्याची बटणं लावायला लावली. सगळी लागली. "आता आलात तर चहालाच या," ते हसून म्हणाले. बाहेर आलो आणि कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली.