मोठीमायच्या खोलीला साणं नव्हतं

भूतबित मानणाऱ्यातला मी नाही. चाळीस वर्षं पत्र्याच्या शेडचं काम केलं, उंचावर लोखंडावर उभं राहून डबे खाल्ले. इथले अनुभव वाचून मी हसायचो, एक-दोघांना खाली खोचक कमेंटही टाकल्यात. त्यांची आधी माफी मागतो.

आमचं घर पुंडलिकनगरला. खाली स्लॅबचं, आणि स्लॅबवर मीच टाकलेली पत्र्याची एक खोली, दहा बाय बारा. गिऱ्हाइकाला मी पहिल्याच भेटीत सांगायचो — "साहेब, पत्रा तापणारच. खालून गार हवा यायला जागा ठेवा अन् वरून गरम हवा जायला. छतावर आपला गोल पंखा बसवा, लाइट लागत नाही, वाऱ्यावर फिरतो." शेकडो बसवले. स्वतःच्या खोलीवर एकही नाही. उलट कबुतरं घाण करतात म्हणून पत्र्याखालची फट सिमेंटनं लिंपली, आणि दिसायला बरं म्हणून खाली थर्माकोलचं ठेंगणं छत मारलं. त्यात काय होणार हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या खोलीत मोठीमायला ठेवलं. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. माझी आई मी रांगत असताना गेली, पिशोरला, आमच्या गावी, मोठीमायनंच मला वाढवलं. तिला मूलबाळ नव्हतं. गेल्याच्या आदल्या थंडीत ती पडली, खुबा मोडला, म्हणून इकडं आणली. खाली जागा होती, खोटं कशाला बोलू... पण मुलाच्या लग्नाची बोलणी चालू होती, पाहुणे यायचे, आणि मोठीमायच्या अंगाला तेलाचा उग्र वास यायचा. चौघांनी उचलून वर नेली. जिवंतपणी ती परत खाली आली नाही.

पिशोरचं घर धाब्याचं, मातीच्या छताचं. छताला टोपल्याएवढं एक भोक, त्याला साणं म्हणतात. धूर, उजेड, वारा, सगळं तिथूनच. पावसात वर झाकण ठेवायचं. आणि घरात कुणाचा जीव जायला लागला की खालून काठीनं ते झाकण सरकवायचं, ही आमच्याकडची रीत. जिवाला वाट पाहिजे म्हणतात. चुलता गेला तेव्हा मोठीमाय ओरडली होती, "बापू, साणं उघड!" काठी मीच मारली होती.

एप्रिल लागला तशी ती रोज म्हणायला लागली, "बापू, वर जरा साणं ठिव की रं. लई कोंडतंय."

"पत्र्याला साणं नसतं माय, पंखा बसवावा लागतो."

"मंग बसव की. तुझाच धंदा हाय नव्हं?"

"आता कामं लई हायेत. उन्हाळा झाला की बघू."

जिन्याखाली दोन पंखे पडून होते. तासाभराचं काम. मी रोज त्यांना ओलांडून बाहेर जायचो.

मे महिन्यात कन्नडला मेव्हणीच्या मुलीचं लग्न होतं. मोठीमायलाही यायचं होतं. "तुला तिथं कोण सांभाळणार?" म्हणालो. पाण्याचा तांब्या, टेबलफॅन, दोन पोळ्या ठेवल्या आणि निघालो. दुपारी इकडं लाइट गेली होती, हे नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

पाचला परत आलो, वर गेलो. मोठीमाय खाटेवर उताणी, तोंड उघडं. हातात चालायची काठी घट्ट धरलेली. बरोबर तिच्या डोक्यावर थर्माकोलला हातभर भोक पडलेलं, आणि तिच्या केसांत, डोळ्यांत, तोंडात थर्माकोलचे पांढरे दाणे... ती खालून टोचत होती. साणं उघडत होती. वर पत्रा होता.

लोक यायच्या आधी मी काय केलं ते सांगतो. दाणे झाडून घेतले. तिचं तोंड पुसलं. भोकावर नवा तुकडा बसवला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी म्हणालो, व्हय.

मग खोलीत सामान भरलं. डिसेंबरात बायको गोधड्या काढायला वर गेली आणि घामानं निथळत खाली आली. "अहो, वर भट्टी लागलीय का?" बाहेर आम्ही स्वेटर घालून होतो. मी थर्मामीटर नेऊन ठेवलं — चव्वेचाळीस. मी बसवलेला तुकडा फुटला होता आणि खाटेवर दाणे पडले होते. नवा बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत भोक, परत दाणे. उंदीर म्हणावं तर पिंजऱ्यात एकही सापडला नाही. पाच वेळा तुकडा बदलला. पाचव्या वेळी खोलीला बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली होती.

शेवटी हात टेकले. भरदुपारी सगळं थर्माकोल उपटलं, तिच्या खाटेच्या बरोबर वरचा पत्रा कापला आणि पंखा बसवला. वारा अजिबात नव्हता. शेजारच्या शेडवरचे माझेच दोन पंखे गप्प उभे होते. आमचा मात्र करकरत सुटला... दिवस मावळेपर्यंत फिरला आणि थांबला. त्यानंतर वादळातही फिरलेला नाही. उतरवून बघितला, बेअरिंग ठणठणीत आहे. खोली मात्र गार झाली. मला वाटलं, आता माय खरी गेली. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

त्याच संध्याकाळी खाली हॉलमध्ये बसलो आणि छाती कोंडली. एसी अठरावर, घरातले शाल पांघरून, आणि मी तोंड उघडं टाकून हवा शोधतोय. सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. मला श्वास फक्त वर येतो, तिच्या खाटेवर, त्या भोकाखाली. त्यामुळं आता मीच वर असतो. जेवण वर येतं. सून ताट दारात ठेवून जाते.

यंदा अवकाळी पावसात पंख्याच्या कडेनं पाणी गळून खालच्या स्लॅबला ओल धरलीय. मुलगा काल वर आला होता. म्हणाला, पाऊस सुरू व्हायच्या आत हे भोक पत्रा मारून बंद करायचं.

मी म्हणालो, "मग मी श्वास कुठून घेऊ रे?"

तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "पावसाळा झाला की बघू, बाबा."

तुमच्यापैकी कुणाला हे सगळं कशानं होतंय ते कळत असेल तर लिहा, मला आजवर कळलेलं नाही. मोठीमायची काठी मी खाटेला टेकवून ठेवलीय. पण काठीनं पत्रा फुटत नाही, हे मला धंद्यामुळं माहीत आहे.