बंदीच्या दिवसांतला मासा

बस तिलवाऱ्याच्या पुलावर आली आणि नर्मदा दिसली, गढूळ, दोन्ही काठ भरून. नागपूरपासूनचे सहप्रवासी हात जोडत होते. मी मांडीवरची प्रश्नावली सांभाळत होतो. बरगी धरणाकाठच्या एका गावाला होडी-जाळ्यासाठी केंद्राची मदत मिळते. ती चालू ठेवावी का, हे पाहायला दिल्लीच्या कचेरीने मला धाडलं होतं. प्रश्न दिल्लीत इंग्रजीत लिहिले, भोपाळात त्यांचं हिंदी झालं आणि विचारायचे होते गावच्या बोलीत.

जबलपुरात वसंतराव सोबतीला आले. दीक्षितपुऱ्यातले जुने मराठी, जिल्ह्याच्या मत्स्य खात्यात अधिकारी. पोहे-जिलेबी खाऊ घालून त्यांनी मला जीपमध्ये बसवलं. वाटेत म्हणाले, पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून राज्य सरकारची मासेमारीवर बंदी असते. सध्या तीच चालू आहे. मी चपापलो. पुढच्या वर्षाचा खर्च ठरायचा म्हणून दिल्लीला अहवाल नेमका याच दिवसांत हवा होता. राज्याच्या बंदीचं तिथे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गावाच्या तोंडाशी जीप चिखलात रुतली. ढकलायला माणसं हसत धावली, पण वसंतरावांना ओळखताच हसणं थांबलं. चौपालावर (गावच्या पारावर) बसून मी एकेकाला विचारलं, मासेमारीवर घर चालतं का? "नहीं साहब, खेती है," हेच उत्तर. शेती तर कधीच धरणात बुडालेली. त्यांना वाटलं, आम्ही बंदी मोडणारे धरायला आलोय. मदत टिकावी म्हणून विचारतोय, असं माझ्या पुणेरी हिंदीत परोपरीने सांगितलं. तरी उत्तर बदललं नाही. एवढे 'नाही' दिल्लीला पोचले की मदत बंद होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि भीती वाटत होती.

निघालो तर गावातल्या फुलाबाईने वाट अडवली. तिनेही 'नाही'च सांगितलं होतं. पण दारी आलेल्याला उपाशी धाडायची तिच्याकडे रीत नव्हती.

"बिना खाए नहीं जाओगे, भैया."

ओसरीवर ताटं आली. भात आणि रस्स्यात ताजा मासा. घरात दुसरं कालवण नव्हतं. ताट ठेवताना तिची नजर वसंतरावांवर गेली आणि हात तिथेच थबकला. जाळं जप्त करायचा अधिकार वसंतरावांचाच होता.

ते मराठीत, हळू आवाजात मला म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. तुम्ही काहून पाहून राहिले? जेवा चुपचाप."

त्यांनी नुसता भात खाल्ला. मी मासा खाल्ला. चव फार चांगली होती.

अहवालात आम्ही एवढंच लिहिलं की बंदी उठल्यावर पुन्हा विचारावं. वसंतरावांनी खाली सही केली.

दिल्लीत माझ्या साहेबांनी तो नीट वाचला. माणूस भला. "मुदत मागतो मी," ते म्हणाले, "पण हे लोक मासे धरतात याचा एक तरी पुरावा द्या." पुरावा दिला की गाव, घर, नाव सगळं भोपाळला कळवावं लागणार, आणि तिथून खाली जिल्ह्याला. मी पुरावा दिला नाही. मुदत मिळाली नाही आणि गावाची मदत बंद झाली.

फुलाबाईचं जाळं वाचलं; नवी होडी मात्र आता मिळणार नाही. तिला वाटत असेल, हा माणूस आपलं अन्न खाऊन गेला आणि आपल्याच मुळावर उठला. ते खोटं आहे, असं मला म्हणता येत नाही.