फोटोमागचं कार्ड

फ्रेमवाल्याला अख्खी आळी भोचक म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव त्याने घाम गाळून कमावलं होतं. काच बसवता बसवता गडी गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळं काढून घ्यायचा. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाचा जावई रुसलाय. शेवटी बायकोने दम भरला होता, "पुन्हा कुणाच्या भानगडीत नाक खुपसलंत तर याद राखा!"

तर एकदा शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाईंनी वारलेल्या नवऱ्याचा फोटो आणला. याच दुकानात पूर्वी फ्रेम केलेला, काच तडकलेली. भोचकाने मागचा पुठ्ठा उचकटला, तर त्याला चिकटलेलं एक जुनं पोस्टकार्ड! पत्त्याची बाजू सरसात अडकलेली, खरवडली तर नुसता भुगा निघाला. वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रविवारी येते. दार उघडं ठेवा. बाबांना कळलं तर कळू दे. तुमचीच."

अरे वा! तोंडात तीळ भिजत नाही असा हा माणूस. बाई फोटो न्यायला आल्या आल्या त्याने कार्ड पुढे केलं. "साहेब छुपे रुस्तम निघाले की हो!"

बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. "माझं अक्षर नाही हे," म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "फोटो ठेवा तुमच्याकडेच. मला नको तो घरात."

आता मात्र भोचकाला कळलं, आपण काय करून बसलो. बिचारीचा मेलेला नवरा याने पुन्हा मारला होता. ही 'तुमचीच' निदान लग्नाआधीची निघाली तरी बाईंचं मन निवेल, म्हणून तो शोधाला लागला. साहेबांचा बुद्धिबळातला जोडीदार खो खो हसला, "तो? अहो, बायकोला विचारल्याशिवाय तो शिंकत नसे!" त्यांच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना अक्षर दाखवलं, तर त्यांनी छत्री उगारली.

आणि मग बायकोने धुवायला घेतलेल्या शर्टाच्या खिशात कार्ड सापडलं.

"हे कुणाचं?"

"असेल कुणीतरी सटवी! साहेबांच्या फोटोमागे निघालं."

"ती सटवी तुमच्यासमोर उभी आहे!" बायको कडाडली. "घरातून पळून येण्याआधी मीच लिहिलं होतं तुम्हाला. फ्रेम ढिली झाली की हाताला लागेल तो कागद मागे कोंबता! माझं पत्रही कोंबलंत? वर अक्षरही ओळखू नये?"

बायकोने त्याला तस्संच नर्सबाईंच्या दारात नेऊन उभं केलं आणि सगळं वदवून घेतलं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

बाई एकदम हसत सुटल्या, "म्हणजे लफडं तुमचं, आणि इतकी वर्षं पाठीशी घातलं माझ्या नवऱ्याने!" दोघी हसून हसून बेजार झाल्या.

चपला अडकवून बाई तडक दुकानात आल्या. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. त्यांनी तो वळवला आणि तळहाताने काच पुसली. हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"रागावलात?" त्या फोटोला म्हणाल्या. "चुकलं माझं. चला हो घरी."