विहिरीतली पोरगी

औरादच्या बाजारात माझं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. लग्नासाठी पेटी घेणारी माणसं झाकण उघडून बघतात, कडी ओढतात, झालं. हा बिदरहून आलेला गडी मात्र बगलेत कॉमिक्सचा गठ्ठा आणि हातात टेप घेऊन, कॉमिक्स ठेवायला पेटी हवी म्हणून, तासभर पेट्यांची मापं घेत बसला. प्रत्येक पेटीत डोकं घालून वास घ्यायचा आणि नाक मुरडायचा. त्याच्या एकेका कॉमिकला प्लास्टिकची पिशवी, वर चिकटपट्टी.

"अण्णा, कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला टाका. आम्ही ज्वारीत टाकतो तसा," मी म्हणालो.

"डाग पडतात," तो म्हणाला, जणू मी रॉकेल ओतायला सांगितलं होतं.

ज्वारी निदान कोणी खातं तरी!

तो मोजण्यात गुंग असताना मी एका पिशवीची चिकटपट्टी काढून आतलं कॉमिक वाचायला लागलो. राक्षसानं पोरीला विहिरीत कोंडलं होतं. पान उलटणार तेवढ्यात त्यानं कॉमिक हिसकावलं.

"कामून वाचायलाव? घडी पडती!"

"पोरगी सुटली का न्हाई, तेवढं सांगा."

"मला काय ठाऊक? मी कधी उघडलोच न्हाई."

शेवटी सगळ्यात घट्ट झाकणाची पेटी त्यानं नेली. ती पोरगी अजून विहिरीत आहे, आणि विहिरीवरचं झाकण माझ्या दुकानातलं.